लिफ्टसमोरचे सहा चेहरे

लिफ्ट बंद पडली नसती तर सरांचं एकही छायाचित्र कधी छापून आलं नसतं, असं इमारतीचे सेक्रेटरी हल्ली छातीठोकपणे सांगतात. सांगताना त्यांचा चेहरा असा होतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, लिफ्ट त्यांनी कलेच्या सेवेसाठी मुद्दाम बंद पाडली होती.

सर म्हणजे चौथ्या मजल्यावरचे निवृत्त गणित शिक्षक. जावयाने नवा कॅमेरा घेतला आणि जुना सासऱ्यांना दिला, तेव्हापासून सर फोटो काढून मासिकांकडे पाठवत होते. या कामात सल्ल्याची कमतरता त्यांना कधीच भासली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी सांगितलं, "हसरे चेहरे पाठवा, सर. जगात हसूच विकलं जातं." पहिल्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "मांजर पाठवा. मांजर कोणी परत पाठवत नाही." पाचव्या मजल्यावरच्या पायरीकाकांनी सूर्योदय सुचवला. "संपादक लोक उशिरा उठतात, त्यांनी तो पाहिलेला नसतो. त्यांना नवीन वाटेल."

सरांनी हसरे चेहरे पाठवले, मांजर पाठवलं, सूर्योदय तर अकरा पाठवले. प्रत्येक वेळी उत्तर आलं : 'आपला प्रयत्न स्तुत्य आहे.'

आता हे वाक्य दुसऱ्या कोणाला आलं असतं तर तो खूश तरी झाला असता. पण सरांनी अडतीस वर्षं पन्नासपैकी सहा गुण मिळवणाऱ्या पेपरावर लाल शाईने 'प्रयत्न चांगला' असं लिहिलं होतं. त्यांना या शब्दांचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या सगळ्या सहा गुणवाल्यांची त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून दया आली.

त्यात सेक्रेटरींची एक सवय. इमारतीत कोणी नवीन राहायला आलं की ते सरांची ओळख करून देत, "हे आमचे फोटोवाले सर. अजून काही छापून आलेलं नाही." त्या 'अजून'वर ते असे काही थांबत, की नवा माणूस सरांकडे सांत्वनाला आल्यासारखा बघे. सरांना बाकी काही नको होतं. मानधन नको, बक्षीस नको. फक्त तो 'अजून' एकदाचा जायला हवा होता.

एका संध्याकाळी सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या काकू, बाजारातून आले, तर लिफ्टसमोर गर्दी. लिफ्ट वर चारवर अडकलेली. दार कोणी उघडं ठेवलंय का ते बघावं म्हणून सर कुरकुरत्या गुडघ्यांनिशी जिन्याने अर्धा मजला चढले, आणि वळून खाली पाहतात तो काय! सहा माणसं ओळीत उभी, आणि सहाही माना वर करून दारावरच्या त्या लाल चारच्या आकड्याकडे बघताहेत. सगळ्यांच्या माना एका कोनात. कोनमापक लावला असता तर एका अंशाचा फरक निघाला नसता. उत्तरपत्रिका वाटायच्या आधी वर्ग असा बसतो. आशा आहे, भीती आहे आणि आपल्या हातात काहीच नाही. सरांनी गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. कोणाला कळलंही नाही. त्या चारवरची नजर काढायला कोणीच तयार नव्हतं.

सरांनी त्या फोटोला 'प्रतीक्षा' असं नाव देऊन तो एका मासिकाकडे पाठवला. तिसऱ्या दिवशी ईमेल आली. सरांनी ती तीनदा वाचली, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. त्यात 'स्तुत्य' हा शब्द कुठेही नव्हता. फोटो पसंत होता, पूर्ण पानभर छापणार होते, मानधनही देणार होते. फक्त दोन अटी होत्या. फोटोत काहीही बदल करायचा नाही, काटछाट करायची नाही. आणि ओळखू येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचं सही केलेलं संमतीपत्र आठ दिवसांत पाठवायचं.

"एवढंच ना!" सर म्हणाले. गणिताच्या माणसाने सहा या आकड्याला इतकं हलकं समजायला नको होतं.

संमतीपत्राचा नमुना सरांनी स्वतः आखला. नाव, मजला, 'फोटोत डावीकडून कितवे', सही. आणि हात थांबेना म्हणून शेवटी एक रकाना ओढला : 'शेरा'. पुढच्या सगळ्या मनस्तापाचं मूळ तो रकाना. लोकांना सही करायला सांगितलं तर ते करतात किंवा करत नाहीत. पण मत मांडायला जागा दिली की ते खुर्ची ओढून बसतात. सरांनी दहा प्रती काढल्या. सहा लागणाऱ्या आणि चार बिघडणाऱ्या.

पहिली सही मावशींकडे. मावशी पहिल्या मजल्यावर राहतात. अठरा पायऱ्या. त्यासाठी त्या पाऊण तास लिफ्टची वाट बघत उभ्या होत्या, हा विषय सरांनी काढला नाही.

"अगंबाई! हा तर घरातला गाऊन आहे!" मावशी फोटो बघून म्हणाल्या. "दुसरा काढा. मी तयार होऊन येते. लिफ्ट परत बंद पाडता येईल ना?"

"मावशी, तो क्षण गेला."

"मग मी रोज सहाला तयार होऊन खाली उभी राहते. क्षण आला की हाक मारा."

शेवटी सरांनी त्यांना खिडकीत बसवून चौदा वेगळे फोटो काढले, तेव्हा सही मिळाली. शेऱ्यात मावशींनी लिहिलं : 'सोबतचे चौदाही छापावेत.' मात्र क्षण चुकायला नको म्हणून त्या तेव्हापासून रोज सहाला तयार होऊन खाली उभ्या राहू लागल्याच.

पायरीकाकांचं प्रकरण नाजूक होतं. गेली सात वर्षं ते इमारतीतल्या प्रत्येकाला जिना चढण्याचे फायदे सांगत आले होते, म्हणून तर ते पायरीकाका. आणि फोटोत उजव्या टोकाला ते मान वर करून उभे, चेहऱ्यावर इतरांपेक्षा जास्त व्याकूळ भाव.

"हा मी नाही," काका म्हणाले.

"काका, टोपी तुमची आहे."

"अशा टोप्या खूप असतात."

"टोपीवर तुमच्या व्यायाममंडळाचं नाव आहे."

काकांनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "माणूस सज्जन दिसतो," ते म्हणाले. "पण मी नाही."

तासभर समजूत घातल्यावर त्यांनी सही केली. शेरा : 'फोटोतला इसम मी नव्हे. तथापि त्यास छापण्यास माझी हरकत नाही.'

दंतवैद्यांकडे सर गेले ते सरळ दवाखान्यात. डॉक्टरांनी फोटो खिडकीशी नेला आणि त्यांचा चेहरा उतरला. आकड्याकडे बघताना त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं आणि वरच्या ओळीतली एक रिकामी जागा स्वच्छ दिसत होती.

"सर, वीस वर्षं लोकांचे दात बसवतोय. स्वतःचा बसवायला सवड झाली नाही. हे छापून आलं तर माझ्याकडे येईल कोण? तेवढा एक दात रंगवून टाका."

"बदल करायचा नाही अशी अट आहे."

"असं म्हणता? बसा इथे, उजेडात बोलू."

उजेड म्हणजे ती खुर्ची. सर बसले, खुर्ची आडवी झाली आणि चर्चेची सूत्रं डॉक्टरांच्या हातात गेली. "आ करा. फोटो पान भरून येणार म्हणता?" "आं." "आणि काटछाट नाहीच?" "आं आं." "ही दाढ तुम्हाला आज ना उद्या त्रास देणारच होती हं, सर."

सर बाहेर पडले तेव्हा गालात कापूस होता, दाढ डॉक्टरांच्या ताटलीत होती आणि सही हातात होती. "आता कोणी काही बोललंच," डॉक्टर समाधानाने म्हणाले, "तर सांगेन, फोटो काढणाऱ्याचीसुद्धा एक जागा रिकामी आहे." शेऱ्यातही त्यांनी तेच लिहिलं होतं.

सेक्रेटरींनी फोटो पाहिला आणि कपाट उघडून नियमावली काढली. "सामाईक जागेत छायाचित्रण. समितीची परवानगी लागते. अर्ज तीन प्रतींत."

"अहो, तुम्ही सही केली की झालं."

"सर, मी व्यक्ती म्हणून उभा होतो की सेक्रेटरी म्हणून, हे समितीच ठरवेल."

समितीची सभा भरली. पाच जण हवे होते, तीन आले. नियमाप्रमाणे सभा तहकूब झाली. अर्ध्या तासाने तेच तीन जण त्याच खुर्च्यांवर बसले आणि नियमाप्रमाणेच आता ते पुरेसे झाले. सरांनी आयुष्यभर तीन म्हणजे तीन असं शिकवलं होतं. ते कापूस चावत राहिले. खरी अडचण वेगळीच होती. फोटोत सेक्रेटरींच्या डोक्यामागे त्यांनी स्वतः लावलेली सूचना ठळक वाचता येत होती : 'लिफ्ट उत्तम स्थितीत आहे. अफवा पसरवू नयेत.' बराच खल झाल्यावर सही झाली. शेरा : 'छायाचित्र घेतले त्या वेळी लिफ्ट विश्रांती घेत होती.'

चार सह्या झाल्या, सहा दिवस गेले. राहिले दोघं. त्यातल्या एक तर घरच्याच. सरांनी जेवणाच्या टेबलावर काकूंपुढे कागद सरकवला. "हं. इथे सही कर."

काकूंनी कागद बाजूला ठेवून फोटो हातात घेतला. "यात मी काय धरलंय?"

"पिशव्या."

"किती?"

"दोन."

"जड की हलक्या?"

"जडच असतील," सर म्हणाले. अडतीस वर्षं प्रश्न विचारणाऱ्या माणसाला प्रश्न कुठे चाललेत ते कळायला वेळ लागत नाही.

"आणि तुम्ही कुठे होतात? आणि तुमच्या हातात काय होतं?"

सर भाताची शितं मोजू लागले.

"विचार करून सांगते," काकू म्हणाल्या आणि कागद फ्रिजवर डब्याखाली ठेवून दिला.

सहावा माणूस मात्र खरा पेच होता. निळा शर्ट, मध्यम वय, डावीकडून तिसरा, पाय काकूंच्या पिशव्यांआड गेलेले. त्याला इमारतीत कोणीच ओळखत नव्हतं. सरांनी दाराजवळच्या फलकावर फोटोची प्रत लावली, त्या माणसाभोवती लाल गोल केला आणि खाली लिहिलं : 'या गृहस्थांना कोणी ओळखत असल्यास कळवावे.' संध्याकाळपर्यंत पहिल्या मजल्यावर बातमी होती की इमारतीत चोर येऊन गेला. दुसऱ्या मजल्यावर तो दोनदा येऊन गेला. पाचव्या मजल्यापर्यंत त्याची टोळी झाली होती.

"इतकं काय त्यात?" पायरीकाका म्हणाले. "एक रेघोटी मारा आणि खाली सही म्हणा. त्या संपादकाला काय कळणार? तो माणूस काय मासिक वाचतोय?"

सातव्या दिवशी सकाळी सर टेबलाशी बसले. संमतीपत्र पुढे, पेन हातात. एकच तर सही. पूर्ण पानभर फोटो आणि तो 'अजून' कायमचा हद्दपार. त्यांनी एक काल्पनिक नाव ठरवलं आणि सही केली.

मग त्यांनी सवयीने कागद उलटा करून पाठीवरून बोट फिरवलं.

अडतीस वर्षं सर प्रगतीपुस्तकांवरच्या पालकांच्या खोट्या सह्या अशाच पकडत आले होते. खरी सही करणारा माणूस घाईत असतो, पेन उडवतो. खोटी सही करणारा पेन दाबतो. मागच्या बाजूला उठाव येतो. आंधळ्यालाही वाचता यावा असा उठाव आता सरांच्या बोटाखाली होता. त्यांनी कागदाचे चार तुकडे केले. सहा गुण तर सहा गुण. ते उठले आणि संपादकांना लिहायच्या दिलगिरीच्या पत्राची मनात जुळवाजुळव करू लागले.

संध्याकाळी सहाला खालून मावशींची किंकाळी आली. "चोर! चोर सापडला!"

लिफ्ट पुन्हा बंद पडली होती. फोटोनंतर दुसऱ्या दिवशी ती आपोआप सुरू झाली होती. आता तशीच आपोआप थांबली. सर जिन्याने खाली पोचले तेव्हा नटूनथटून क्षणाची वाट बघणाऱ्या मावशींनी एका माणसाची बाही घट्ट धरली होती. निळा शर्ट. पायाशी भलीमोठी लोखंडी पेटी. तो बिचारा अजूनही मान वर करून आकड्याकडेच बघत होता. सरांना पाहताच त्याने तोंडातलं च्युइंगम गिळलं आणि ताठ उभा राहिला.

"सर!"

सरांना नावं आठवत नसत, चुका आठवत. "अपूर्णांक," ते म्हणाले. "सातवी. खिडकीजवळचा बाक. वडिलांची सही खोटी केली होतीस."

"हो, सर." माणसाचे कान लाल झाले. "आता लिफ्ट दुरुस्त करतो, सर. कंपनीत आहे."

"त्या दिवशी तूच आला होतास?"

"हो. सेक्रेटरींनी कंपनीत फोन केला होता ना."

"मग तू लिफ्टसमोर का उभा होतास?"

"यंत्र वर गच्चीत आहे, सर. पाच मजल्यांच्या वर. पेटी वीस किलोची. लिफ्टशिवाय नेणार कशी?"

"अरे, पण लिफ्ट बंद होती."

"म्हणून तर थांबलो होतो, सर."

सरांनी डोळे मिटले. पन्नासपैकी सहा गुणांचा पेपर समोर असला की ते असेच डोळे मिटत आणि मग शांतपणे पहिल्या पायरीपासून समजावायला लागत. पण आज पायऱ्या खऱ्याच होत्या. "पेटीला दोन कड्या आहेत ना?" ते म्हणाले. "एक तू धर."

एकशे आठ पायऱ्या, वीस किलो, चार कुरकुरते गुडघे. त्याचेही काही कमी नव्हते. मागून पायरीकाका जिना चढण्याचे फायदे सांगत आले. काकू चौथ्या मजल्याच्या दारात उभ्या राहून ती मिरवणूक बघत होत्या.

गच्चीत सरांनी धापा टाकत कागद पुढे केला. "सही नको असेल तर राहू दे. कंपनीने बघितलं तर तुला बोलणी बसतील."

माणसाने फोटो पाहिला. "तेव्हा तुम्ही वडिलांना सांगितलं नव्हतंत, सर. महिनाभर शाळा सुटल्यावर बसवून अपूर्णांक शिकवलेत आणि म्हणालात, आता खरी सही आणावीशी वाटेल. आठवतं?"

"किती गुण पडले होते मग?"

"पन्नासपैकी एकतीस." त्याने पेटीवर कागद ठेवून सही केली. सरांनी पाठीवरून बोट फिरवलं. सपाट होता. शेरा न वाचताच त्यांनी कागद खिशात घातला.

आठव्या दिवशी सकाळी पाच संमतीपत्रं टेबलावर होती. सहावं फ्रिजवर. सर दोनदा फ्रिजपर्यंत गेले आणि उगाच पाणी पिऊन आले. पूर्ण पान, सात दिवस आणि एक दाढ, सगळं आता त्या डब्याखाली होतं.

"परक्या माणसाची पेटी गच्चीपर्यंत नेलीत," काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या. "गुडघे कसे आहेत?"

"चुकलं माझं," सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी शाळेत हजारो वेळा लिहून घेतलं होतं. स्वतः म्हणताना ते फारच आखूड वाटलं. म्हणून त्यांनी पुढे जोडलं, "पिशवी आधी घ्यायला हवी होती. पण तू त्यात फार छान दिसतेस. तुझ्यासाठीच मी तो फोटो सगळ्यात जास्त वेळा बघितला."

काकूंनी डबा उचलला, कागद घेतला, सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहिलं : 'प्रयत्न चांगला. पुढच्या वेळी आधी पिशवी, मग फोटो.'

सगळी पत्रं संपादकांकडे गेली, शेऱ्यांसकट. महिन्याने संपादकांचा फोन आला. अंक कुरिअरने पाठवलाय, फोटोखाली ओळ म्हणून सहाही शेरे जसेच्या तसे छापलेत आणि कार्यालयात सगळे पोट धरून हसले. लिफ्टवाल्याने काय लिहिलं होतं, ते सरांना तेव्हा कळलं : 'काम चालू आहे.'

त्या संध्याकाळी सर आणि काकू बाजारातून आले. पिशव्या दोन्ही सरांच्या हातात, कॅमेरा काकूंच्या गळ्यात. खाली गर्दी. कुरिअरवाला सरांचं पाकीट घेऊन लिफ्टने वर निघाला होता आणि तिसरा-चौथा मजला यांच्या मध्ये अडकला होता. आतून त्याचा आवाज येत होता, "सर, तुमचं पाकीट आहे! सही लागेल!"

सेक्रेटरी, डॉक्टर, मावशी, काका, आणि पेटी घेऊन आलेला लिफ्टवाला, सगळे मान वर करून उभे. सर त्यांच्यात जाऊन उभे राहिले आणि त्यांनीही मान वर केली. वर, त्या दोन मजल्यांच्या मध्ये, त्यांचा 'अजून' लोंबकळत होता. तोंड कधी उघडं राहिलं ते त्यांना कळलं नाही.

जिन्यावरून आवाज आला. खट्.

काकू अर्धा मजला चढून उभ्या होत्या. सरांनी घाईघाईने तोंड मिटलं. "अगं, दुसरा काढ! दाढेची जागा दिसली असेल!"

"तो क्षण गेला," काकू म्हणाल्या. खाली येऊन त्यांनी पर्समधून एक कागद काढला. उरलेल्या प्रतींपैकीच एक, जपून चौघडी केलेला. "डावीकडून चौथे. सही करा. शेऱ्याचा रकाना मी खोडलाय."

सरांनी एक पिशवी कोपरात अडकवली, कागद भिंतीवर, 'अफवा पसरवू नयेत'च्या खाली टेकवला आणि सही केली. सही जरा वाकडी आली. पण पेन कुठेही दाबलेलं नव्हतं.